मामाचा क्रॅश

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेणाऱ्या प्रत्येकाचा एक गोड गैरसमज असतो. आता आवाजाची कटकट मिटली! हेडफोन लावायचे, रात्री एक वाजता बडवायचं, कुणाला पत्ताही लागणार नाही. २०२१ च्या दिवाळीत वाकडच्या फ्लॅटवर माझं किट आलं तेव्हा मीही याच आनंदात होतो. तिसऱ्या रात्री खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. ‘‘तुमच्याकडे रात्री फरशी फोडायचं काम चालतं का?’’ कानात वाजत होतं ते मला एकट्यालाच; पण किकच्या पेडलचा धक्का फरशीतून थेट त्यांच्या बेडरूममध्ये. मॅट आणली, मॅटखाली फोम घातला, तरी काका येतच राहिले. शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावाचा वेगळा विषय निघाला आणि मी शरण गेलो.

पुढचं वर्षभर माझ्या क्रॅश सिंबलवर मोजे वाळले. राइडवर टॉवेल. तीस हजारांच्या आसपासचं किट, त्याचे हप्ते चालू, आणि उपयोग काय तर कपडे वाळत घालायला! तुमच्यापैकी ज्यांच्या घरात ट्रेडमिल आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०२२ च्या डिसेंबरात कंपनीने महिनाभर घरून काम करायची मुभा दिली आणि मी भंडाऱ्याला निघालो. किट सोडवलं, दोन खोक्यांत भरलं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढवलं. भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाहीच, ते वरठीला आहे. नव्या माणसाला हे कळेपर्यंत ऑटोवाल्याने भाडं सांगितलेलं असतं. आईने खोकी बघितली आणि म्हणाली, ‘‘मामाला दाखव. तो यंदा फार उदास आहे.’’

माझे मामा लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात राहतात. चार एकर धान आणि दिवाळीनंतर नाटक. पुण्या-मुंबईत ‘झाडीपट्टी’ म्हटलं की लोक जंगल सफारीचं विचारतात, म्हणून थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्यात धान निघालं की नाटकांचा सीझन सुरू होतो. गावात मंडई भरते, काही ठिकाणी शंकरपट असतो आणि रात्री नाटक. कंपन्यांची पेठ गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला. जेवणं आटोपल्यावर पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. पाहुण्यांनी घर भरलेलं, स्वेटर-मफलर गुंडाळून अख्खं गाव बसलेलं. तिकीट काढून बरं का, फुकट नाही! संगीत सगळं लाइव्ह. ऑर्गन, तबला, आणि गेली काही वर्षं ऑक्टोपॅड.

मामा आधी भजनात तबला वाजवायचे, मग नाटकात, मग पॅडवर आले. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड काढला. आठ रबरी चौकोन, काठीने मारलं की ढोल, काच फुटणं, ढगांचा गडगडाट, काय हवं ते. ब्रीफकेससारखा उचलून नेता येतो, म्हणून ऑर्केस्ट्रापासून वरातीपर्यंत सगळीकडे पोचला. मामांचा पॅड सेकंडहँड, दोन चौकोन अर्धेमेले. त्यात त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जायचा नाही. कंपनीच्या मालकाने अजून काही म्हटलं नव्हतं, पण एक तरुण पोरगा दोन प्रयोगांना ‘नुसता बघायला’ येऊन बसला होता. नोकरदार माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. आपल्या खुर्चीच्या मागे उभं राहून कुणी काम शिकायला लागलं, की आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो. मामांकडे रेझ्युमे नव्हता.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मोठं अवघड वाटतं ते. पन्नाशी ओलांडलेला माणूस वाकतो आणि आपण ‘अहो मामा, राहू द्या’ करत मागे सरकतो. तो सोहळा झाला, चहा झाला आणि छपरीत मी खोकी उघडली. शेजारची पोरं जमली. मामा बाजेवर बसून बघत होते.

स्टँडचे पाइप मी झपाट्याने जोडले. स्नेअर, टॉम लागले. मग सिंबल. वाचकहो, इलेक्ट्रॉनिक किटवरचा सिंबल म्हणजे धातूची झांज नव्हे. प्लॅस्टिकची थाळी, वर रबर, खाली सेन्सर. रॅकच्या क्लॅम्पमधून एक दांडी वर येते. तिच्यावर आधी स्टॉपर बसवायचा, त्यावर थाळी, त्यावर नमद्याची चकती आणि सगळ्यात वर दोन कानांचा विंग नट. मी नट घेतला आणि आवळला. चांगला आवळला. ऑफिसच्या खुर्चीपासून गॅसच्या नळीपर्यंत आपल्याला एकच शिकवलेलं असतं, की ढिलं राहिलं तर घात होतो.

मामांनी काठी घेतली. एकदा मारली. आवाज आला, पण चेहरा आंबट. पुन्हा मारली. मग थाळीच्या कडेला बोट लावून ढकलून बघितलं. थाळी हललीच नाही.

‘‘इतकं कसून कायले बांधलंस गा? टार कोनी मुठीत धरते का? दोरीत सोडाची असते.’’

(झाडीबोलीत ‘ळ’ नाही. टाळ तिथे टार होते आणि डोळा डोरा.)

मला ते पटायला एक मिनिट लागलं. टाळेच्या मधल्या टोपीला भोक असतं, त्यातून दोरी, आणि हात फक्त दोरीला. धातूला मोकळं सोडलं तरच नाद. मुठीत आवळली की ‘ठक्’, विषय संपला. खऱ्या ड्रमवरचा सिंबलही असाच असतो. तो हलला पाहिजे. आणि इथे? इथे नाद थाळीत नाहीच, तो मोड्यूलच्या डब्यात रेकॉर्ड करून ठेवलेला. मग ढिलं कशाला? कारण मार कुठेतरी जिरायला हवा. थाळी झोका घेते तेव्हा काठीचा जोर त्या झोक्यात जातो. आवळली तर तो जोर मनगटात परत येतो, दांडीतून रॅकमध्ये उतरतो आणि कालांतराने रबर किंवा प्लॅस्टिक तडकतं. मी वर्षभर मनगट दुखतं म्हणून माउस बदलले होते. दोन माउस!

नट मी इतका सैल केला की थाळी बोटाने ढकलली तर डुलावी, पण दांडीवर खडखडू नये. मामा म्हणाले, ‘‘हां, आता बोलन थे.’’

भंडाऱ्याच्या माणसाला धातू शिकवायला जाऊ नये. पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वापार ओळखलं जातं. मामांचं म्हणणं, पितळ वाजतं पण बोलत नाही. बोलतं ते कासं. गंमत म्हणजे यात विज्ञान आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि जगातले उत्तम सिंबल साधारण ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के कथील अशाच मिश्रणातून बनतात. इस्तंबूलमध्ये १६२३ ला सुरू झालेलं झिल्जियन घराणं याच धातूवर मोठं झालं. आता ती कंपनी अमेरिकेत आहे. आपल्या रबरी थाळीत यातलं काहीच नाही, पण आवाज मात्र तिथल्याच कुठल्या तरी झांजेचा उसना घेतलेला.

पुढचा धडा स्टॉपरचा. पुण्यात मी तो काढून ठेवला होता, कारण तो नसताना थाळी झकास गोल फिरायची. पण बऱ्याच पॅडवर कडेचा सेन्सर पूर्ण गोलात नसतो, वाजवणाऱ्याच्या बाजूच्या अर्ध्या भागातच असतो. थाळी फिरली की तो भाग पलीकडे जातो. तुम्ही कड मारता, आवाज पोटाचा येतो, आणि तुम्ही मोड्यूलला शिव्या घालता. शिवाय केबलला पीळ बसतो तो वेगळाच. त्या केबलचंही एक आहे. तिची पिन तीन भागांची, म्हणजे स्टिरिओ लागते. गिटारची साधी केबल खोचली तर थाळी वाजते, पण दुसरा झोन आणि चोक मरतो. मी एका जागी तीच खोचली होती. वर्षभर!

चोक म्हणजे काय, हे मामांना दाखवलं तो क्षण मी विसरणार नाही. क्रॅश मारायचा आणि तो घुमत असताना थाळीची कड चिमटीत धरायची. कडेत दाबाचा स्विच असतो. धरली की आवाज तिथल्या तिथे कापला जातो. मामांनी मारलं, धरलं. शांत. पुन्हा मारलं, धरलं. पोरं हसायला लागली. मामा हसले नाहीत. ‘‘माह्या पॅडवर हे नाई होत. गडगडाट सुरू झाला का सरेपर्यंत वाट पाहा लागते.’’ मग स्वतःशीच म्हणाले, ‘‘टार अशीच छातीले लावून मुकी करतात.’’

आता खांदा. मी सिंबल लावले होते ते युट्यूबवरच्या ड्रमरसारखे, उंच, दिमाखदार. मामांनी उजवा हात उचलला आणि अर्ध्यातच ‘आई गं’ म्हणून खाली घेतला. मग आमचं खरं काम सुरू झालं आणि ते दोन दिवस चाललं. मामांना स्टुलावर बसवायचं, कोपर बरगडीला टेकवून काठी जिथपर्यंत सहज पोचते तिथे हवेत बोट धरायचं आणि थाळी त्या बोटाशी आणायची. म्हणजे माणसाला किटशी जुळवायचं नाही, किट माणसाशी. (आमच्या एचआरला हे कुणीतरी कळवा.)

पण उंची कमी केली की थाळी टॉमवर येते. टॉम मारताना काठी थाळीच्या कडेला अडते. दांडी पुढे ढकलली तर हात लांबवावा लागतो, खांदा पुन्हा बोंबलतो. शेवटी उजवा क्रॅश उचलून डावीकडे नेला, राइड आत घेतला आणि एक टॉम चक्क काढून टाकला. मामांना दोन टॉम पुरले. कोनासाठीही असंच. थाळी अगदी सपाट ठेवली तर काठी कडेला सरळ आपटते. रबर फाटतं आणि काठीचे तुकडे उडतात. फार उभी केली तर काठी घसरते. थोडी आपल्याकडे झुकलेली हवी, म्हणजे काठी तिला सपकन चाटून जाते. जेवणाचं ताट आईने भरून पुढे केल्यावर जेवढं आपल्याकडे कलतं तेवढी. उपमा मामींची आहे.

तिसऱ्या दिवशी मोड्यूलमधले आकडे. पॅडच्या पोटात पिझो नावाची चकती असते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. तीच ही करामत. काठी बसली की इवलासा विजेचा झटका निघतो, मोड्यूल तो मोजतं आणि त्या मापाचा आवाज सोडतं. पण चकतीला कुठे कळतं धक्का काठीचा आहे की आणखी कशाचा? म्हणून ‘थ्रेशोल्ड’ असतो. अमुक इतक्या जोराखाली असेल तर दुर्लक्ष करायचं. मामांचा हात तबल्याचा, बारीक. हलका स्पर्शही वाजावा म्हणून मी थ्रेशोल्ड पार तळाला नेला. छपरीत स्वर्गासारखं वाजलं. मी स्वतःवर खूश होतो. इंजिनिअर खूश असतो तेव्हा सावध राहावं.

जानेवारी २०२३. त्याच महिन्याच्या अखेरीस झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. आमच्या रात्री मात्र दिल्ली फार लांब होती. कडाक्याची थंडी, मंडपाबाहेर शेकोट्या. वादकांची जागा रंगमंचाच्या कडेलाच, त्याच फळ्यांवर. मालकाने किटकडे बघितलं, मग मामांकडे, आणि एवढंच म्हणाले, ‘‘जुना पॅड आणला आहे ना?’’ तो तरुण पोरगाही आला होता.

पहिला अंक छान गेला. लावणीला मामांनी हायहॅटवर जी काही बारीक काम केली, शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप छातीला हात लावून कोसळतो. स्मशानशांतता. ऑर्गन मंद. बायकांचे पदर डोळ्यांना. बाप फळ्यांवर धाडकन पडला, आणि माझा क्रॅश आपोआप वाजला.

झ्याँग!

लोक हसले. अगदी सगळे नाही, पण मागची पोरं पुरेशी हसली. मुलगा धावत आला, बापाजवळ गुडघ्यांवर आदळला. झ्याँग! आता पुढचेही हसले. मामांनी झडप घालून थाळी धरली. मेलेल्या बापाच्या पोटाला हसण्याचे हिसके बसत होते, ते मी स्वतः बघितलं. मामांची मान खाली होती. मी मोड्यूलच्या मागे बसलो होतो आणि मला कुठेही, अगदी त्या खालच्या काकांच्या बेडरूममध्येसुद्धा, नाहीसं व्हायला चाललं असतं.

मध्यंतरात मालक आले. शिवी दिली नाही, तेच वाईट होतं. म्हणाले, ‘‘पुढचा अंक पॅडवर घ्या.’’ तो पोरगा जुना पॅड उघडायलाही लागला.

मामा म्हणाले, ‘‘धा मिंटं द्या.’’

दहा मिनिटांत मी काय करू शकत होतो? थ्रेशोल्ड वर नेला. पण फार नेला तर मामांचे हलके ठोके गिळले जाणार. क्रॉसटॉकचा आकडा होता, पण तो एका पॅडचा धक्का दुसऱ्याला चुकून लागू नये यासाठी. इथे दोषी पॅड नव्हताच, फळी होती. माझं डोकं मेनूमध्ये अडकलं होतं आणि मामा पायऱ्या उतरून खाली गेले होते. परत आले ते तणसाची दोन पोती घेऊन. बैलबंडीतली असावीत. ‘‘फरीवर ठेवूच नको बाबू. खाली घे.’’

पुण्यात मी काकांच्या छताला धक्का देत होतो, इथे रंगमंच मला धक्का देत होता. दिशा उलटी, रस्ता तोच. चौघांनी रॅक अख्खा उचलून रंगमंचाखाली जमिनीवर घेतला, पायांखाली धानाच्या तणसाची पोती. रॅकचा एक पाय फळ्यांना टेकत होता तो मामांनी लाथेने सरकवला. मी रंगमंचावर चढून दोनदा उडी मारली. मोड्यूलवरचा दिवा लागला नाही. थ्रेशोल्ड दोन घरं खाली आणला. पुन्हा उडी. नाही लागला. मालक लांबून बघत होते. मान हलवली, ती होकाराची की नशिबाला दोष देणारी ते कळलं नाही.

शेवटच्या अंकात थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढतो. वादळ सुरू. मामा राइडवर हलकेच सुरू झाले, जुन्या पॅडवर कधीच न जमलेल्या आवाजात, मग क्रॅश, मग दुसरा. वाढत वाढत गेलं. थोरल्याने दार लावून घेतलं त्या क्षणी मामांनी डाव्या हाताने कड धरली.

काहीच नाही. शेकोटीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. कुणीतरी बाई मोठ्याने रडली. धाकटा तसाच उभा राहिला, आपल्या वाक्याची वेळ होऊनही. त्याने नंतर सांगितलं की त्यालाच सुचलं नाही.

पहाटे चहा पिताना मालकांनी विचारलं, ‘‘हे यंत्र उद्या आहे का?’’ उद्या म्हणजे सडक-अर्जुनीकडचा प्रयोग. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आहे ना.

त्या सीझनला किट तिथेच राहिलं. पुढच्याही. मी पुण्याला आलो, काका आता लिफ्टमध्ये हसून बोलतात. गेल्या हिवाळ्यात मामांचा फोन, एक विंग नट कुठल्या तरी गावात पडला, तूर्त सुतळीची गाठ मारली आहे, चालेल का? मी म्हटलं, चालेल, पण दोरी स्टॉपरच्या वर बांधा, आणि लगेच दहा नटांचं पाकीट कुरिअर केलं. चार दिवसांनी पुन्हा फोन. ‘‘धा कायले पाठवलेस गा? हरपला एकच होता.’’

उरलेले नऊ त्यांच्या तबल्याच्या हातोडीच्या पिशवीत आहेत. किटचे हप्ते केव्हाच फिटले. ते परत मागायचा विषय मी दर दिवाळीला ठरवून घरी जातो, मामा पाया पडायला वाकतात, आणि राहून जातं.